पाच जणांचा फोटो

दुपारचे सव्वातीन. खैरटोला, वैनगंगेच्या काठचं गाव. विहाराच्या पडवीत सतरंजी, सतरंजीवर फोटोंचा ढीग, आणि ढिगाच्या दोन बाजूंना दोन माणसं.

"आणि हा कोण?" भंतेंनी विचारलं.

"कुठला?"

"हा. दोरीला लोंबकळणारा."

"यानाबाहेर पडलेल्या पहिल्या काही माणसांपैकी एक, भंते. अवकाशात चालतोय."

"चालतोय कुठं? पाय तर कशालाच टेकलेले नाहीत."

विद्याधर टेंभुर्णे हसला. मनातून त्याला ते लागलं. प्रदर्शनासाठी त्यानं या फोटोखाली 'अवकाशातली पहिली पावलं' असंच छापून घेतलं होतं.

भंते धम्मसार अंगावर चीवर येण्याआधी नागपूरच्या एका दैनिकात चित्रविभागाचे प्रमुख होते. टेंभुर्णे तेव्हा त्यांच्या हाताखाली उमेदवार. आता भंतेंच्या त्या खुर्चीत टेंभुर्णे बसत होता, आणि खुर्ची त्याला चांगली मानवलीही होती.

फोटो बघायला त्याला भंतेंनीच शिकवलं. त्यांची एक खोड होती. कुठलाही फोटो आधी उलटा धरायचा, डोकं खाली, पाय वर. "सरळ धरला की चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की बघणं संपतं," असं म्हणायचे. नवी पोरं पाठीमागं हसायची. एकदा एका पुढाऱ्याच्या सभेचा फोटो उलटा धरून त्यांनी सगळ्या विभागाला दाखवलं होतं, की मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. दुसऱ्या दिवशी बातमीत 'अलोट गर्दी' छापून आलं, ती गोष्ट वेगळी.

आज टेंभुर्णे शाबासकी घ्यायला आला होता. तोंडानं तसं म्हणाला नव्हता. पन्नाशी ओलांडलेला माणूस असं तोंडानं म्हणत नसतो. रविवारी नागपुरात त्याचं प्रदर्शन लागणार होतं, माणूस पहिल्यांदा वर गेला त्या काळातल्या त्याच्या आवडत्या फोटोंचं. उद्घाटन भंतेंनी करावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

दिसायला एवढंच.

भंते फोटो उचलत होते, उलटा करत होते, मग सरळ, मग बाजूला. चंद्रावरच्या धुळीतला बुटाचा ठसा आला. शेतात छत्रीसकट उतरलेलं यान आलं, भोवती डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया.

"या बाया कुठल्या?"

"तिथल्याच. शेतात काम करत असतील."

"यांची नावं?"

"ती... नाहीत मिळाली."

भंतेंनी फोटो बाजूला ठेवला.

पुढचा चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाचा. त्याच्या शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत समोरचं सगळं उतरलेलं, यान, झेंडा, आणि फोटो काढणारा दुसरा माणूस, नखाएवढा.

हा मात्र भंतेंनी बराच वेळ धरला.

"हा आवडला तुम्हांला?" टेंभुर्णेनं विचारलं.

"यात काढणाराही आलाय. बिचाऱ्याला लपायला जागा नाही मिळाली."

आतून कुंदाताई मेश्राम चहा घेऊन आल्या. विहाराची अभ्यासिका चालवणाऱ्या त्याच. आवाज मोठा, चाल घाईची. फोटोंकडे त्यांनी एकदा वाकून पाहिलं.

"हे सगळे तिकडं जाऊन आले जी?"

"हो ताई. पहिल्यांदा गेलेले."

"आमच्या गावाला दुपारची यष्टी नाही येत, अन् हे चंद्रावर." त्यांनी कप खाली ठेवला. "साखर कमी आहे. तुम्ही लोक नागपूरचे, शुगरवाले."

टेंभुर्णेनं चहा तसाच राहू दिला. त्याला घाई झाली होती. पिशवीतून त्यानं चौकटीतला फोटो काढला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, मोठा, परातीएवढा.

"आता हा बघा, सर..."

जीभ चावली. "भंते."

"बघू."

टेंभुर्णेनं कागद सोडला. समुद्रकाठच्या कुठल्यातरी आरोग्यधामाच्या पायऱ्या. पायऱ्यांवर ऊन. उन्हात सहा तरुण, पांढरे सदरे, कुणी हसतंय, कुणी डोळे बारीक करतंय. पहिल्या उड्डाणाच्या सुमारास रशियात तयार होत असलेले अवकाशवीर. कोण आधी वर जाणार हे तोवर ठरायचं होतं, म्हणून सगळेच सारख्या तोऱ्यात.

"ओळखलात?"

"ओळखला. पण माझ्याजवळ आहे त्यात पाच आहेत."

"तेच तर!"

टेंभुर्णे सरसावून बसला. ही गोष्ट सांगताना तो नेहमी सरसावून बसायचा. गेल्या महिन्याभरात त्यानं ती दोन व्याख्यानांत आणि एका वाहिनीवर सांगितली होती.

गोष्ट अशी. त्या काळी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत परदेशी वकिलातींची गुळगुळीत मासिकं फुकट येत. त्यातलं एक पान भंतेंनी कापून ठेवलं होतं. पायऱ्यांवरचे पाच जण. पुढं कळलं, की मुळात फोटोत सहा होते. डावीकडून तिसरा, लुकिन नावाचा. वरच्या कुणाशी तरी त्याचं बिनसलं, आधी पथकातून नाव गेलं, मग फोटोतून. जिथं तो उभा होता तिथं ब्रशनं एक झुडूप रंगवलं, पायरीची रेघ ओढून पुरी केली, आणि मासिकं जगभर धाडली. जगानं चहा पिता पिता ती चाळली.

टेंभुर्णेला मूळ फोटोची एक जुनी प्रत मिळाली, पुसट, काडेपेटीएवढी. भंतेंच्या पानाची छबी त्याच्याकडे होतीच. दोन्ही संगणकावर घेऊन, रात्रंदिवस खपून, त्यानं लुकिनला पुन्हा पायरीवर उभं केलं होतं. सदऱ्याची घडी, कानावरचं ऊन, पायाखालची सावली... कुठं सांधा दिसत नव्हता.

"बोट फिरवून बघा. सापडला जोड, तर नोकरी सोडतो."

भंतेंनी चौकट उलटी केली. डोकी खाली, पाय वर. बघत राहिले. मग सरळ केली.

"काम चोख आहे," ते म्हणाले.

या माणसाच्या तोंडून असा शब्द टेंभुर्णेनं उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. त्याला पुढचं बोलायला बळ आलं.

"त्या लोकांनी एक माणूस पुसला, भंते. मी परत आणला. साठ वर्षांनी त्याला त्याची जागा मिळाली. मी तर म्हणतो, न्याय मिळाला."

"तू म्हणतोस?"

"लोकही म्हणतात. अग्रलेख आला होता."

"कुणाचा?"

"...आमचाच."

कुंदाताई दारात टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

टेंभुर्णेनं तिकडं लक्ष दिलं नाही. आता तो मुद्द्यावर आला. "रविवारी दिवा लावायचा नाही, असं ठरवलंय. समया, हार, तेच ते. आपण वेगळं करायचं. तुमच्याजवळचं ते पाच जणांचं पान मला द्या. सगळ्यांसमोर, मंचावर, ते जाळायचं. खोट्याची होळी. आणि मागं पडदा सरकेल तो या सहांवर. काडी तुम्ही लावायची."

"मी?"

"ते पान इतकी वर्षं तुम्ही सांभाळलंत. जाळायचा हक्क तुमचाच."

"जाळायचं?" कुंदाताईंनी दारातून विचारलं. निवलेल्या चहाचा कप उचलला नि आत गेल्या.

भंते उठले. आतल्या पेटीतून त्यांनी दोन पुठ्ठ्यांमधे ठेवलेलं ते पान आणलं, सतरंजीवर चौकटीशेजारी मांडलं. कागद पिवळा पडलेला. कडेला त्यांच्याच हातची जुनी पेन्सिलीची खूण.

एका बाजूला सहा, एका बाजूला पाच.

"खोटा कुठला?" भंतेंनी विचारलं.

"हा. तुमचा."

"कशावरून?"

"बघा ना. इथं माणूस होता, इथं झुडूप आहे. फुलंही काढलीत लबाडानं. पायरीची रेघ तर बघा, इथं येऊन चळलीय. ब्रश धरणाऱ्याचा हात थरथरला असेल."

"थरथरला असेल..." भंते म्हणाले. त्यांनी त्या चळलेल्या रेघेवरून बोट नेलं, सावकाश, आंधळा माणूस अक्षरं चाचपतो तसं. "हे पुसलं कुणी?"

"कुणीतरी तिथला चित्रकार. नाव नाही."

"त्याला सांगितलं कुणी?"

"वरून आलं असणार."

"वर म्हणजे?"

"ते नाही कळलं. कागद कुठं आहेत? विचारायचं कुणाला?"

"कुणी विचारलं होतं का कधी?"

"भंते, आता त्यानं काय फरक पडतो? माणूस परत आलाय. तो बघा, उभा आहे."

भंतेंनी चौकटीकडे पाहिलं. लुकिन उन्हात उभा होता. हसत होता.

"याच्याकडे बघून कुणाला कळेल का, की मधली साठ वर्षं हा इथं नव्हता?"

"नाही!" टेंभुर्णे खुशीत म्हणाला. "कुणालाच नाही. तेच तर कसब आहे."

...

बाहेर कुणाची तरी बकरी विहाराच्या कुंपणाला अंग घासत होती. भंते तिच्याकडे बघत राहिले.

टेंभुर्णेला हे मौन ओळखीचं होतं. पूर्वी असंच व्हायचं. पोरगं फोटो घेऊन टेबलापुढं उभं, नि हे गृहस्थ खिडकीबाहेर बघत. मग पोरगं आपणच घाम पुसत परत जायचं, दुसरा फोटो आणायला. पण आता तो पोरगं राहिला नव्हता. फोटो परत करायला तो आलेला नव्हता.

"तुम्हांला पटलं नसेल तर तसं सांगा," तो म्हणाला. आवाज जरा चढला. "पूर्वीसारखं गप्प बसून घालवू नका. मी माझ्या परीनं एका माणसावरचा अन्याय धुऊन काढलाय. तुम्ही इथं येऊन बसलात, डोळे मिटून. आम्ही तिकडं रोज मारामारी करतोय."

"मारामारी करतोस, हे खरं."

"मग?"

"मग काही नाही." भंतेंनी पिवळं पान दोन पुठ्ठ्यांत घातलं. पुठ्ठे टेंभुर्णेच्या हातात दिले. "घेऊन जा."

टेंभुर्णेला क्षणभर खरं वाटेना.

"जाळू?"

"तुझ्या हातात आहे आता."

"आणि रविवारी?"

"येईन. मंचावर बसेन. काडी मात्र तू लाव. माझा हात थरथरतो हल्ली."

टेंभुर्णेला इतका आनंद झाला, की वाद घालायचं तो विसरला. वाकून त्यानं वंदन केलं. भंतेंनी हात वर केला. पुठ्ठे त्यानं आपल्या फाइलीत घातले, फाइल काखेत मारली, आणि उठता उठता त्याचं मन मोठं झालं. देणाऱ्याला काहीतरी द्यावं, असं प्रत्येक जिंकलेल्या माणसाला वाटतं.

"ही चौकट इथंच ठेवतो. नागपूरला दुसरी करून घेईन. तुमच्या अभ्यासिकेत लावा, भंते. पोरं रोज बघतील. पुसलेला माणूस परत येतो, हे त्यांना कळू दे."

"लाव की. कुंदाताई, अभ्यासिकेचं कुलूप काढा."

अभ्यासिका विहाराच्या मागं होती. चार पावलांवर. कुंदाताईंनी दार ढकललं, नि टेंभुर्णे चौकट दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत शिरला.

खोली लांबट. मधे सतरंज्या, बसायचे पाट, एका फळीवर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. तीन भिंती पांढऱ्या.

चौथी काळी.

जमिनीपासून आढ्यापर्यंत काळी. मधोमध एका लाकडी कपाटाची आकृती तेवढी फिकट राहिलेली. कपाट नव्हतं. वरच्या वाशांना पोपडे धरलेले, आणि एका खिळ्याला पुस्तकाच्या पाठीचा जळका तुकडा अजून लटकलेला.

"हे काय?"

"आग लागली होती," कुंदाताई म्हणाल्या. "गेल्या वर्षी. पुस्तकं ठेवत होतो तिथं. रात्रीची लावून गेले."

"लावून? अहो, आम्ही बातमी दिली होती याची. आठवतंय मला. शॉर्ट सर्किट..."

"हो जी, वाचली आम्ही. चार ओळी होत्या. सातव्या पानावर." कुंदाताईंनी कमरेवर हात ठेवले. "तेव्हा या खोलीत वीज होती कुठं, भाऊ? मीटर तर यंदा बसलं. आम्ही कंदिलावर अभ्यास करून राहिलो होतो, अन् कंदील रोज मी घरी नेत होती."

टेंभुर्णेनं आठवून पाहिलं. ती बातमी कुणी दिली, कुठून आली, त्याच्या लक्षात नव्हतं. अशा चार ओळी रोज येतात. ठाण्यातून फोन येतो, 'असावं असा अंदाज' येतो, आणि रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं.

त्यानं चौकट भिंतीला टेकवून ठेवली. फाइल काखेतच होती. मान वर करून त्यानं भिंत न्याहाळली. कामाचा माणूस होता तो. बिघडलेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे.

"असं पोरांनी का बघायचं रोज? भंते, माझ्यावर सोपवा. भंडाऱ्याहून रंगारी आणतो. आधी घासून घेऊ, मग चुना, मग पांढरा रंग. दोन दिवसांत अशी भिंत करून देतो, की इथं कधी काही झालं होतं हे कुणाला..."

तो थांबला.

"कळायचं नाही," कुंदाताईंनी वाक्य पुरं केलं. "सगळे तेच म्हणतात जी. चुना घेऊन सरपंच आले. मग त्यांची माणसं आली, डबे घेऊन. मागच्या महिन्यात आमदारांचा माणूस येऊन गेला, ऑइल पेंट देतो म्हणाला, वर दोन पंखे. आमच्या बाया भांडल्या माझ्याशी, लावून घे म्हणाल्या, पोरं काळ्या भिंतीकडे पाठ करून बसतात म्हणाल्या. मीच भंतेंना म्हटलं, लावून टाकू."

"मग?"

"मग काय. तुमच्यासारखंच. हे गप्प."

भंते दारात उभे होते. आत आले नव्हते.

टेंभुर्णे भिंतीकडे वळला. कपाटाच्या फिकट आकृतीच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, काजळीहूनही गडद, तेलकट असा एक ओघळ दिसत होता. तो खालून वर गेलेला नव्हता. भिंतीतल्या खिडकीतून आत, तिरका, वरून खाली आला होता. कुणीतरी काहीतरी ओतल्यासारखा. त्यानं नकळत हात पुढं केला, ओघळावर ठेवला.

हात काळा झाला.

तो हाताकडे बघत राहिला. मग काखेतल्या फाइलीकडे. फाइल त्यानं घाईघाईनं दुसऱ्या हातात घेतली, अंगापासून लांब धरली.

"तक्रार दिली होती?"

"दुसऱ्याच दिवशी," कुंदाताई म्हणाल्या. "पोच आहे."

"आणि?"

"आणि पोच आहे."

बाहेर बकरीला कुणीतरी हाकललं.

टेंभुर्णे दाराकडे वळला. रोज मारामारी करणाऱ्या माणसाचा आवाज अगदी खाली आला होता.

"भंते... रविवारी मी काय करू?"

भंतेंनी खांद्यावरचं फडकं काढून त्याच्यापुढं धरलं.

"आधी हात पूस. भिंतीला लावू नकोस. पंचनाम्याला अजून कुणी आलेलं नाही."